शेंदराची साक्ष

आमच्या गल्लीत नवरा पिऊन आलाय का, हे ओळखायला बायकांना त्याच्या तोंडाजवळ नाक न्यावं लागत नसे. गल्लीच्या टोकाला तो दिसला की झालं. कपाळ, गाल, मान, पार छातीपर्यंत लालभडक चट्टे उठलेले असत, कोणी ओल्या शेंदरात बोटं बुडवून फासावेत तसे. मग तो कितीही सरळ चालो नि कितीही लवंगा चघळो, काही उपयोग नसे. हे शहाण्णव साली चैत्रात सुरू झालं आणि मी त्यात नको तितकी गुंतले होते, असं लोक म्हणतात. माझं म्हणणं, मी फक्त विचारत होते.

विचारायची खोड मला जन्माची. चांदवडला माहेरी आई म्हणायची, "ही सविता सासरी गेली की पहिल्याच दिवशी सासूला विचारेल, तुम्ही अशा का?" तसं मी विचारलंही, पण ते असो.

आम्ही राहायचो नाशिकला, अंबडच्या कारखान्यांच्या मागच्या अंगाला. पत्र्याच्या खोल्यांच्या दोन रांगा, मधे गल्ली आणि शेवटी नाला. गल्लीतले बहुतेक पुरुष एकाच कंपनीत होते. तिथे मोटारींचे सुटे भाग तयार होत, आणि तेलानं माखलेले ते भाग धुवायचं वेगळं खातं होतं. त्याला सगळे 'वॉशिंग' म्हणत, पण तिथे पाणीही नव्हतं आणि साबणही. एका मोठ्या लोखंडी टाकीत 'ट्राय' नावाचं औषध गरम करून ठेवलेलं असे. पूर्वी टाकी छोटी होती, ही मोठी त्याच वर्षी संक्रांतीला बसली. जाळीच्या टोपलीत माल भरून त्यात बुडवायचा, वर काढला की लख्ख आणि कोरडा. आमचे हिरामणराव त्याच खात्यात. घरी आले की त्यांच्या अंगाला गोडसर वास यायचा. लग्न झाल्यावर मला वाटलं होतं, नवरा अत्तर लावतो.

या ट्रायचं आम्हा बायकांना भारी कौतुक. पुरुष डब्यात भरून घरी आणत. साडीवरचा ग्रीसचा डाग म्हणू नका, स्टोची काजळी म्हणू नका, चिंधीला थोडं लावलं की साफ. सुटी व्हायच्या आधी वॉशिंगवाले हातही त्याच औषधात खंगाळत. त्यामुळे त्यांचे हात कोरडे, पांढरट आणि भेगाळलेले असत. कंपनी त्यांना रोज गुळाचा खडा द्यायची. गूळ खाल्ला की घशातलं सगळं खाली उतरतं म्हणे. मी विचारलं होतं, "उतरून जातं कुठे?" हिरामणराव म्हणाले, "गप्प बस."

गल्लीच्या मधोमध ठमाबाईचं घर. ठमाबाई आमच्या महिला मंडळाची सर्वेसर्वा, पेठकडच्या डोंगरातली. ती आणि तिचा नवरा सोमा द्राक्षाच्या छाटणीच्या कामाला म्हणून खाली उतरले आणि नाशिकचेच झाले. सोमाही आता वॉशिंगमध्येच होता. त्यांच्याकडे बायका नवऱ्याला सरळ अरे-तुरे करतात, याचा मला फार हेवा वाटे. मी आपली 'अहो, अहो' करत भांडायची. 'अहो' म्हणत केलेल्या भांडणात काही जोर येत नाही.

सोमा एके काळी असा प्यायचा की दोनदा लोकांनी त्याला नाल्यातून उचलून आणलं होतं. शेवटी ठमाबाईनं पत्र्याच्या पेटीत आपली लुगडी भरली आणि त्याच्यासमोर ठेवली. म्हणाली, "आता परत प्यायलास ना, तर ही उचलीन नि पेठला जाईन. मेलास तरी तोंड बघाया येणार नाय." सोमानं सोडली. खरोखर सोडली. पण पेटी ठमाबाईनं कधी रिकामी केली नाही. ती खाटेखाली भरलेलीच असायची, आणि झाडताना ती पुढे ओढून पुन्हा आत सरकवायची, म्हणजे सोमाला दिसावी.

मंडळातला तिचा सगळा दरारा या एका गोष्टीवर उभा होता. "माझा सुटला, तर तुमचे काय आभाळातनं पडलेत?" असं ती म्हणायची.

त्या चैत्रात तिनं गल्लीतल्या सगळ्या पुरुषांना सप्तशृंगीच्या गडावर नेलं. एकेकाला नारळावर हात ठेवायला लावून दारू सोडल्याची शपथ घ्यायला लावली. आमचे हिरामणराव शपथ घेताना इतके गंभीर झाले होते की मला तेव्हाच शंका आली. गडावरून येताना सोमानं देवीआईचा एक मोठा फोटो आणला आणि वॉशिंग खात्यात टाकीच्या वरच्या भिंतीला लावला.

पुढच्याच आठवड्यात आमचं ध्यान लालेलाल होऊन घरी आलं.

"उन्हानं झालंय," ते म्हणाले.

"सूर्य मावळून किती वेळ झाला?" मी विचारलं.

ठमाबाई ओट्यावरून बघत होती. तिनं दोन्ही हात जोडले आणि गल्लीभर ऐकू जाईल अशी ओरडली, "बघा गं बघा! शपथ मोडली म्हणून आईनं शेंदूर फासला त्याच्या तोंडाला!"

हातच्या काकणाला आरसा कशाला? त्या दिवसापासून वॉशिंगमधला जो कोणी प्यायला तो लाल झाला. तासाभरात चट्टे जायचे, पण तेवढा वेळ बायकोला पुरेसा होता. खात्यातल्या अर्ध्या लोकांनी भीतीनं सोडली. दुसऱ्या वस्त्यांमधल्या बायका ठमाबाईच्या पाया पडायला यायला लागल्या.

मला मात्र एक गोष्ट खुपत होती. शेजारचा देवराम. तो कंपनीत पॅकिंगला होता. शपथ त्यानंही घेतली होती, त्याच नारळावर. आणि तो रोज पिऊन भिंतीला धरत धरत यायचा, पण तोंड जसंच्या तसं, काळं कुळकुळीत.

"मावशी, देवरामला आई शेंदूर का लावत नाही?" मी ठमाबाईला विचारलं.

"फोटो टाकीवर लावलाय ना. आईची नजर तिथं हाय."

"आई गडावर बसून सगळा मुलूख सांभाळते, आणि तिची नजर वॉशिंगमधून पॅकिंगपर्यंत पोचत नाही?"

"सविते, तुला देवानं जीभ दिली ती भाकरी खायला." ठमाबाई उठून आत गेली.

पण देवरामच्या बायकोनं, सखुबाईनं, त्यातून भलताच अर्थ काढला. आईची नजर टाकीवर असेल, तर आपल्या माणसालाच टाकीवर नेऊन उभं करावं! ती ठमाबाईला घेऊन सुपरवायझरकडे गेली. वॉशिंगमध्ये माणूस टिकत नव्हता, डोकं दुखतं, मळमळतं म्हणून लोक पळून जायचे. आणि इथे बायका स्वतः येऊन सांगत होत्या, आमच्या नवऱ्याला तिथे टाका. सुपरवायझरला आंधळा मागतो एक डोळा, देव देतो दोन असं झालं. देवरामची बदली झाली. सखुबाईचं बघून आणखी दोघींनी आपापले नवरे टाकीवर नेऊन घातले.

श्रावणात देवराम टाकीवर लागला. गणपती बसेपर्यंत तोही प्यायला की लाल व्हायला लागला. सखुबाईनं पेढे वाटले. मीही एक खाल्ला, पण माझा प्रश्न काही पोटात गेला नाही. तोच माणूस, तीच शपथ, तीच आई. बदललं होतं फक्त खातं.

मग नवरात्र आलं. दरवर्षी घट ठमाबाईच्या घरी बसायचा आणि संध्याकाळच्या आरतीला गल्लीतल्या सगळ्या बायका तिथे जमायच्या. त्या वर्षी आरतीला उभं राहिल्यावर मला सोमाकाकांकडे बघवेना. माणूस पार उतरला होता. जेवण जाईना, चालताना झोक जायचा, बोलता बोलता शब्द विसरायचे. हाताला कंप सुटला होता. ठमाबाई म्हणायची, उष्णता झालीय, अंगात शक्ती राहिली नाय.

घट बसला त्याच दिवशी, पहिल्या आरतीच्या वेळी, समईत तेल घालायला सोमाकाका आतल्या बाजूनं पुढे आले. उजेड त्यांच्या तोंडावर पडला आणि आरती म्हणता म्हणता आमच्यातली एकेक बाई थांबत गेली.

कपाळ, गाल, मान. लालभडक.

ठमाबाई तेवढी शेवटपर्यंत आरती म्हणत राहिली. एकटी. मग ताट खाली ठेवून म्हणाली, "कुठं घेतलीस?"

"ठमे, मी थेंब घेतला नाय."

"तोंड बघ तुझं."

"आईशप्पत घेतली नाय गं. दिवसभर तर टाकीवर होतो, तिथनं घरीच आलो."

"म्हंजे आई खोटं बोलती?"

यावर सोमाकाका काय बोलणार? एका बाजूला देवी आणि दुसऱ्या बाजूला एके काळचा दारुडा. त्यांनी समईत तेल घातलं आणि वाटी खाली ठेवली. ठमाबाईनं खाटेखालून पेटी ओढली आणि दाराशी आणून ठेवली. "घट मांडलाय, तो टाकून जाता येत नाय. दसऱ्याला सोनं वाटलं की मी निघाले," ती म्हणाली आणि तिनं त्यांच्याशी बोलणं बंद केलं. ती शब्दाची पक्की होती, हे गल्लीतल्या पोराटोरांनाही माहीत होतं.

मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, आणि खरं सांगते, तितकीच उत्सुकताही वाटली. कारण मी सोमाकाकांच्या अगदी जवळ उभी होते आणि माझ्या नाकाला दारूचा वास आला नव्हता. हिरामणरावांसोबत संसार करून माझं नाक त्या बाबतीत तयार झालं होतं. वास आला होता तो लवंगेचा, गुळाचा आणि कसल्यातरी आंबूस फळाचा.

दुसऱ्या दिवशी कंपनीला सुटी होती. ठमाबाई पाणी भरायला गेलेली बघून मी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसले.

"काका, काल आरतीच्या आधी काय काय पोटात गेलं?"

"पोलिसासारखी काय विचारतीस?"

"सांगा तर."

"नाचणीची भाकर, आमटी. कंपनीतला गूळ. नि हिनं शक्तीचं औषध आणलंय, ते अर्धी वाटी."

"अर्धी वाटी?"

"बाटलीवर चमचे लिवल्यात. पण ही म्हनली, चमच्यानं कधी शक्ती येती का?"

फळीवर बाटली होती. द्राक्षासव. मी बूच काढलं तर 'फस्स' झालं. नाक लावलं आणि मला माहेर आठवलं. द्राक्षाच्या हंगामात आमच्याकडे पडलेले मणी मडक्यात राहिले की काही दिवसांनी त्याला असाच वास सुटायचा, आणि म्हशीनं ते खाल्लं की म्हैस गोठाभर नाचायची. म्हणजे या औषधात थोडीशी का होईना, दारूच होती. ठमाबाईनंच आपल्या हातानं नवऱ्याला पाजली होती!

पण मग पुढचा प्रश्न. द्राक्षासव काय फक्त सोमाकाका घेतात? माझ्या आईनं बाळंतपणात बाटल्याच्या बाटल्या संपवल्या, तिचं तोंड कधी लाल झाल्याचं मला आठवेना. मी तशीच एक बाटली आणली. दुपारी हिरामणराव घरी होते. "शक्तीचं आहे, घ्या," म्हणून अर्धी वाटी त्यांना दिली, अर्धी वाटी मी घेतली आणि त्यांच्यासमोर मांडी घालून बसले.

"अशी काय बघतेस? नवीन नवरा आहे का?"

"गप्प बसा, हलू नका."

मी तांदूळ निवडत बसले. तांदूळ निवडून होईपर्यंत त्यांचे कान लाल झाले, मग गाल, मग मान. माणूस माझ्या डोळ्यांसमोरून तसूभर हलला नव्हता. मी आरशात बघितलं. माझं तोंड जसं होतं तसंच, सावळं आणि वैतागलेलं.

मी बाटली घेऊन ठमाबाईकडे धावले. ती ऐकूनच घेईना. "सोमानं तुला वकील केलाय का?" म्हणाली. तेवढ्यात मखमलाबादचा गोटीराम माळी झेंडूची पाटी घेऊन गल्लीत आला. त्याला मी ओट्यावर बसवलं. एक वाटी त्याला, एक सोमाकाकांना आणि एक ठमाबाईच्या हातात.

"मी का घेऊ?"

"तुमची शपथ नाही ना? मग भीती कसली?"

भीती म्हटल्यावर ती थांबणार थोडीच! तिनं वाटी एका दमात रिकामी केली. गोटीराम पिऊन झाल्यावर ओठ चाटत म्हणाला, "आणखी हाय का?" त्याचं तोंड होतं तसंच राहिलं. ठमाबाईचंही. दोघांच्या मधे बसलेले सोमाकाका मात्र हळूहळू लाल होत गेले, भर दुपारी, लख्ख उन्हात, सगळ्या गल्लीसमोर.

ठमाबाईनं हातातली वाटी खाली ठेवली.

"म्हंजे काल मीच पाजली तुला."

"मी काय सांगत होतो?" सोमाकाका म्हणाले.

ठमाबाई हसली. डोळ्यांना पदर लावून हसली, आणि मग सगळी गल्लीच हसली. पेटी पुन्हा खाटेखाली गेली. गोटीरामनं झेंडूची एक माळ फुकट दिली. इथे मी गप्प बसले असते तर गोष्ट गोड झाली असती. पण मला बसवेना. गोटीराम लाल होत नाही, ठमाबाई होत नाही, मी होत नाही. लाल होतात ते फक्त टाकीवाले. का?

"मावशी, एकदा विचारून तरी येऊ," मी म्हणाले. सोमाकाकांना घेऊन आम्ही दोघी सिडकोत गेलो. तिथे त्रिमूर्ती चौकाच्या अलीकडे डॉक्टर भाग्यश्रीबाईंनी नवा दवाखाना टाकला होता. वयानं तरुण, पण ऐकून घ्यायच्या. मी सगळी हकीकत रंगवून सांगितली, शेंदूर, नारळ, म्हैस, गोटीराम. मला वाटलं त्या हसतील. त्या हसल्या नाहीत.

"टाकीत काय असतं?" त्यांनी विचारलं.

"ट्राय म्हणतात."

"पूर्ण नाव?"

सोमाकाकांनी पिंपावर वाचलेलं लांबलचक नाव अडखळत सांगितलं. डॉक्टरबाईंनी त्यांना झोपवलं, पोट दाबून बघितलं, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढल्या, हात पुढे धरायला लावले. हात थरथरत होते. मग त्या आमच्या समोर येऊन बसल्या.

"आम्हाला शिकताना पुस्तकात याच्यावर थोडंसं होतं. प्रत्यक्ष आज पहिल्यांदा बघतेय. हे बघा, दारू पोटात गेली की ती मोडून टाकायचं काम लिव्हर करतं. या औषधाची वाफ नाकातून आत जाते, हातातूनही मुरते, आणि तिचं ओझंही त्याच लिव्हरवर पडतं. लिव्हर त्या औषधातच गुंतून पडलं की दारू अर्धवट मोडते, आणि तोंडावर असे चट्टे येतात."

"म्हंजे हा शेंदूर..." ठमाबाई म्हणाली.

"टाकीचा आहे. अंगात ते औषध किती भिनलंय, हे त्यावरून दिसतं. भूक जाणं, झोक जाणं, शब्द विसरणं, तेही मला त्यातलंच वाटतंय. रक्त तपासू या. पण आजपासून टाकीवर जायचं नाही. ते घरी आणता का तुम्ही?"

मी आणि ठमाबाईनं एकमेकींकडे बघितलं.

"डब्यात," मी म्हणाले. "डाग काढायला."

"देवीची समई पुसते मी त्यानं," ठमाबाई म्हणाली.

दवाखान्यातून आम्ही पायीच निघालो. सोमाकाका पुढे चालत होते, हळूहळू, भिंतीच्या कडेकडेनं. इतके दिवस ती चाल बघून लोक गालात हसत होते.

"सविते," ठमाबाई म्हणाली, "त्यो खरंच पिऊन आला असता तर बरं झालं असतं गं. त्याचा उपाय मला ठावा होता."

मला रडू आलं. सोमाकाकांसाठी आलं, हिरामणरावांसाठी आलं. घरी जाऊन मी त्यांना सांगितलं, उद्यापासून जायचं नाही. ते चिडले, मग घाबरले, मग म्हणाले, "म्हणजे मी पितो ते वाईट नाही, टाकी वाईट?" मी म्हणाले, "दोन्ही वाईट. आता सापडलात तुम्ही दोन्हीकडून." आणि सखुबाई? पेढे तर तिनंच वाटले होते. साप म्हणून भुई धोपटत होतो आम्ही, आणि साप आम्हीच ओच्यात घेऊन हिंडत होतो.

घराघरांतून ट्रायचे डबे निघाले. ओतायचे कुठे? नाल्यात म्हटलं, तर नाला विहिरीजवळून जातो. मातीत म्हटलं, तर कंपनीच्या मागे जिथे जुनं औषध ओतायचे तिथलं निंबाचं झाड वाळून गेलेलं आम्ही रोज बघत होतो. "ज्याचं त्याला परत," ठमाबाई म्हणाली.

दसऱ्याला कंपनीत यंत्रांची पूजा व्हायची आणि त्या दिवशी बायकापोरांना आत सोडायचे. आम्ही नव्या साड्या नेसून गेलो, हातात डबे घेऊन. टाकी मी पहिल्यांदाच बघितली. तिला झेंडूच्या माळा घातल्या होत्या, हळदीकुंकू लावलं होतं. आईचा फोटो बरोबर तिच्या वर होता, काचेवर आतून बाहेरून एक चिकट थर बसलेला. साहेब नारळ फोडून पेढे वाटत होते.

"साहेब, टाकीला झाकण का नाही?" मी विचारलं.

"झाकण लावलं तर माल कसा बुडवणार? आणि वाफ काय, जाते निघून."

"जाते कुठे?"

साहेबांनी वर छताकडे बघितलं, मग खिडकीकडे. मग माझ्या हातावर पेढा ठेवला.

ठमाबाई स्टुलावर चढली आणि तिनं फोटो उतरवला. पदरानं काच पुसून छातीशी धरला. "आईला हितं ठेवायची नाय. हिला पण बाधंल," ती म्हणाली. मग आम्ही सगळ्यांनी डबे टाकीच्या पायाशी, हळदीकुंकवाच्या शेजारी, एकेक करून मांडले आणि आपापले नवरे घेऊन घरी आलो. सुपरवायझर मागून ओरडत होता की आता टाकीवर कोण उभं राहणार. देवराम पॅकिंगला परत गेला. हिरामणराव सातपूरला दुसरीकडे लागले. टाकीला पुढे पंखा आणि झाकण बसलं असं ऐकलं, पण नवी माणसंही लागली, लांबून आलेली. त्यांच्या बायका आमच्या गल्लीत नव्हत्या.

सोमाकाकांना काम झेपण्यासारखं राहिलं नव्हतं. त्याच संध्याकाळी आपट्याची पानं वाटून झाल्यावर ठमाबाईनं पेटी ओढली. म्हणाली होती तशी दसऱ्यालाच निघाली. मी बघत होते. तिनं पेटी उघडली, आपली लुगडी एका बाजूला सारली आणि मोकळ्या जागेत सोमाकाकांचे दोन सदरे आणि धोतर ठेवलं. वर फोटो ठेवला. फोटोशेजारी द्राक्षासवाची बाटली.

"ही कशाला?" मी विचारलं.

"डाक्टरीण म्हनली ना, अंगातनं उतरलं की चट्टे येनार नाय. मंग बघाया नको?"

भात निघाल्यावर, मार्गशीर्षात, मी पेठला त्यांच्याकडे गेले. अंगणात पेंढ्या रचल्या होत्या. सोमाकाका उन्हात बसले होते, जरा भरले होते. ठमाबाईनं बाटली आणली आणि मोजके चमचे नाही, पुन्हा अर्धी वाटी ओतली. "सवयच लागेल त्यांना अशानं," मी म्हणाले. तिनं वाटी त्यांच्या हातात दिली. आम्ही दोघी त्यांच्यासमोर बसलो. कोंबड्या आल्या, गेल्या. ऊन ओसरीच्या पायरीवरून खाली सरकलं. ठमाबाई त्यांचे कान बघत होती, मग गाल, मग मान.

काही झालं नाही. तोंड जसंच्या तसं, काळं, सुरकुतलेलं आणि त्यावर सकाळच्या कोंड्याची धूळ.

ठमाबाईनं हात जोडले. मग तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ती ते पुसेना.

"आई खरं तेच सांगत होती, सविते. आपुनच भलतं समजलो."

सोमाकाकांनी रिकामी वाटी परत द्यायला हात पुढे केला. हात अजून थरथरत होता. डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, हा कंप कदाचित कायमचा राहील. ठमाबाईनं वाटीसकट तो हात धरून ठेवला.

"आता तू खरी प्यायलास तरी मला कळायचं नाय. साक्षीला कोन ऱ्हायलंच नाय."

"मंग काय करशील?"

"काय करनार? तू सांगशील ते खरं मानीन."

सोमाकाका थोडा वेळ शब्द शोधत राहिले. हल्ली त्यांना शोधावे लागत.

"त्या दिवशी आरतीला," ते म्हणाले, "तेवढंच तर मागत होतो."